हळदीतला दुसरा नवरदेव

आमच्या घरच्या हळदीला एकाच वेळी दोन नवरदेव बसले होते. एक माझा थोरला नातू, ज्याचं लग्न होतं. दुसरा धाकट्या नातवाचा कॉलेजातला मित्र, ज्याचं लग्न तर सोडाच, बारावीसुद्धा दोन झटक्यांत सुटली होती. दोघांच्या कपाळाला मुंडावळ्या, दोघांच्या अंगाला हळद. फरक एवढाच की खरा नवरदेव सारखा मोबाईलमध्ये बघत होता आणि खोट्याचे डोळे मिटलेले होते.

ही गोष्ट आता आमच्या भावकीत प्रत्येक लग्नात सांगतात, आणि सांगणारा आपापला भाग फुगवतो. माझा मुलगा सांगतो तेव्हा तोच पोराला खांद्यावर टाकून दवाखान्याकडे धावतो. प्रत्यक्षात तो तेव्हा मटणाच्या टोपाशी उभा राहून मीठ चाखत होता. म्हणून जे झालं ते मीच लिहून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण जे घडलं ते घडलं तसं लिहायला तेवढं पुरतं.

भिवंडीजवळच्या आमच्या अंजूरला हळद म्हणजे लग्नाहून मोठी. लग्नाला माणसं अक्षता टाकतात, जेवतात आणि निघतात. हळदीला येतात ती राहतात. शेतांवर गोदामं उभी राहिल्यापासून तर गावाला कंटेनरएवढा डीजे लागतो. हळद लागायची संध्याकाळी, पण धाकट्याच्या मित्रांची हळद दुपारच्या जेवणाआधीच सुरू झाली होती. ती तीन-चार पोरं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दार लावून बसली होती. पत्ते खेळत असतील असं मी धरून चालले. मला तसं वाटत होतं असं नाही, पण हळदीच्या दिवशी घरातल्या बाप्यांच्या बाटल्या शोधत बसलं तर बाकीची कामं कोण करणार?

त्यांच्यातच तो नारपोलीचा पोरगा होता. बाप लूमवर कामाला, आई घरी शिवणकाम करते. अंगाने काडी, मिशी अजून ‘यावं की नको’ या विचारात. आमच्याकडे त्याचं नेहमीचं येणंजाणं. आला की वाकून पाया पडायचा आणि उठता उठता विचारायचा, "आजी, सुकट केलीय का?" माझ्या पाया पडतो की सुकटीच्या, हे मला कधी कळलं नाही. त्या दिवशी तो आयुष्यात पहिल्यांदा पीत होता. पहिल्यांदा पिणाऱ्याला माप माहीत नसतं आणि पाजणाऱ्याला लाज.

आता आमच्या घराण्याची एक खोड सांगायला हवी. हळदीत जो पहिला आडवा होतो, त्याला आमच्याकडे उचलून नवरदेवाशेजारी बसवतात. मुंडावळ्या बांधतात, येणारा-जाणारा त्यालाही हळद लावतो, बायका त्याला उखाणा घ्यायला लावतात. त्याला म्हणतात दुसरा नवरदेव. शुद्धीवर आला की तो उठून पळतो आणि मग जन्मभर लोक त्याला चिडवतात. माझ्या दिराला एकदा बसवला होता. त्याला नातवंडं झाली तरी लोक त्याला विचारत, "काय, दुसऱ्या बायकोचं कसं चाललंय?" ही खोड अजून मोडलेली नाही. फक्त आता कोणाला बसवायचं झालं तर आधी मला बोलावतात. का, ते पुढे येईल.

तर नारपोलीचा पोरगा शेडमध्ये आडवा झाला आणि बाकीच्यांनी त्याला वाजतगाजत मांडवात आणला. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवला. घसरत होता म्हणून छातीवरून उपरणं घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधला. पोरांनी मोबाईल काढले. बायका जमल्या.

"नवरी कुठली गं याची?"

"वाईन शॉपची!"

"मंग मामा कोन?"

"मामा काउंटरवर बसलाय!"

असं बराच वेळ चाललं. हसून हसून माझ्या सुनेला खोकला लागला. तेवढ्यात घरातली मोठी म्हणून मला हळद लावायला बोलावलं. मी आधी थोरल्याला लावली. पाटीतली हळद पाण्यात कालवून मुरलेली, हाताला गारढोण. मानेला हात लागताच तो खांदे आवळून ओरडला, "आजी, गार हाय!" मी म्हटलं, "बायको आली की कळेल गार काय असतं." मग वळले दुसऱ्याकडे. गालाला लावली. कानामागे लावली. मानेवर अख्खा पंजा ठेवला.

पोरगा हलला नाही.

मानेवर गार हात पडला की झोपलेला माणूससुद्धा खांदे आवळतो. याने पापणीही हलवली नाही. आणि माझ्या लक्षात आलं की त्याचीच मान माझ्या हळदीपेक्षा गार आहे. मी दंडाला चिमटा काढला. माझा चिमटा अख्ख्या घराच्या ओळखीचा आहे, त्यावर मेलेला बैल उठेल. हा उठला नाही.

"हा झोपलेला न्हाय," मी म्हटलं. डीजेच्या आवाजात कोणाला ऐकू आलं नाही. आमच्या गावात डीजे बंद करायला पोलीस लागतात. मी जाऊन वायर ओढली.

आवाज थांबल्यावर अख्ख्या मांडवाला एकदम डॉक्टरकी आठवली. माझा मुलगा हातातला मटणाचा डाव घेऊनच आला, "लिंबू पाजा." एक नणंद म्हणाली, लोणचं चाटवा. शेजारी म्हणाला, बोअरिंगच्या नळाखाली धरा. कोणी म्हणालं मिठाचं पाणी, कोणी म्हणालं ताक. त्यांतला एक तर स्वतःच भिंतीला धरून उभा होता. सल्ले सगळ्यांकडे होते, गिळायचं मात्र त्या एकट्या पोराला होतं आणि ते त्याला येत नव्हतं. कोणीतरी लिंबाचं पाणी ओठांत सोडलंच. ते घशात जाऊन घुरघुरायला लागलं. आतही जाईना, बाहेरही येईना.

तेव्हा धाकटा रडायला लागला. हा पोरगा बापाने पट्ट्याने मारलं तरी रडत नाही. मला कळलं, मस्करी संपली.

"दवाखान्यात घ्या त्याला," मी म्हटलं.

"आजी, पोलीस केस होईल," धाकटा हुंदके देत म्हणाला. "कॉलेजात कळेल. त्याच्या घरी कळेल."

"इथं मेला तर घरी कळनार न्हाय व्हय? त्याच्या आयशीला काय सांगशील, हळदीला गेला तो तिकडंच राहिला?"

दारात गाड्यांची रांग होती. ट्रॅक्टरएवढ्या उंच, काळ्या काचांच्या गाड्या. चावी प्रत्येकाच्या खिशात आणि दारू प्रत्येकाच्या पोटात. मांडवात शुद्धीवर असलेला बाप्या एकच, आणि तो आमचा नव्हता. बर्फाच्या लाद्या घेऊन आलेला रिक्षावाला भैया. तो बाजूला उभा राहून हे सगळं बघत होता.

"अम्मा, लड़का किसका है?"

"सबका हाय. चला."

"रिक्शा में उलटी करेगा?"

"करेल तर तुला देव पावेल."

त्याने दुसरं काही विचारलं नाही. ओल्या गोणपाटावरच पोराला आडवा घेतला. त्याचे पाय धाकट्याच्या मांडीवर, डोकं माझ्या मांडीवर, आणि पुढे भैयाशेजारी त्यांच्यातलाच एक मित्र अर्ध्या ढुंगणावर. पोराचं तोंड नेमकं माझ्या नव्या लुगड्याकडे होतं. लग्नासाठी घेतलेलं लुगडं. म्हणून मी त्याला कुशीवर करून तोंड बाहेरच्या बाजूला वळवून धरलं. वाटेत त्याच्या तोंडातून ते लिंबाचं पाणी आणि आणखी काय काय बाहेर पडलं, ते रस्त्यावर गेलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुशीवर धरून आणलंत, फार चांगलं केलंत, आजी." मी मान हलवली. लुगड्याचं त्यांना सांगायची काही गरज नव्हती.

अंजूरफाट्याला कंटेनर अडकलेले. एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं तोंड. भैया हॉर्न मारतोय, ओरडतोय, "साइड दो, अस्पताल जाना है!" कोणी ढिम्म हलत नव्हतं. फाट्यावर रोज कोणी ना कोणी अस्पतालला चाललेलं असतं. मग त्या भैयाने मागे वळून पोराकडे बघितलं, पिवळा धमक, कपाळाला मुंडावळ्या, आणि मान बाहेर काढून ओरडला, "हटो भाई, दूल्हा है! मुहूर्त निकल रहा है!"

आणि काय सांगू, वाट झाली. ट्रेलरवाल्याने ट्रेलर मागे घेतला. एका सरदारजीने खाली उतरून दुसऱ्यांना हात करून थांबवलं. एकजण खिडकीतून ओरडला, "मुबारक हो!" धाकटा रडता रडता त्याला हात जोडून "शुक्रिया" म्हणाला. मी त्या पोराच्या छातीवर हात ठेवून बसले होते. छाती वर यायची, मग थांबायची. इतकी थांबायची की मी मनातल्या मनात शिव्या द्यायचे, तेव्हा परत वर यायची.

भिवंडीच्या दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. स्ट्रेचरवर पिवळा, ढकलणारे दोघे पिवळे, आणि मागे मी, माझे हात कोपरापर्यंत पिवळे. तिने एकदा सगळ्यांकडे बघितलं.

"कावीळ घराण्यात आहे का?"

"हळद हाय, बाय," मी म्हटलं.

"ते दिसतंय. याला काय झालंय?"

"ऊन लागलं," धाकटा म्हणाला.

ती पोराच्या तोंडाजवळ वाकली. "उन्हाला हा वास कधीपासून यायला लागला?"

मग तिची मस्करी थांबली. तिने नर्सला सांगितलं की आधी हळद पुसा, हळदीखाली मला याचा रंग कळत नाही. ओठ पुसले, नखं पुसली. ओठ जांभळट निघाले. नाकाला ऑक्सिजन, हाताला सलाईन, बोटाला सुई. साखर अगदी खाली गेली होती. सकाळपासून पोराने काही खाल्लं नव्हतं, मटणासाठी पोट राखून ठेवलं होतं. हे सगळं करता करता ती विचारत होती आणि धाकटा उत्तरं देत होता.

"काय प्यायला?"

"बिअर."

"किती?"

"एक."

"एक ग्लास, एक बाटली की एक पेटी?"

धाकटा सलाईनचे थेंब मोजायला लागला.

"बिअरने हा एवढा गेला नसता. दुसरं काय होतं? गोळ्या वगैरे?"

"न्हाय मॅडम, गोळ्या न्हाय, देवाशप्पत."

"मग काय? मला ते कळल्याशिवाय याला पुढचं औषध काय द्यायचं ते ठरवता येत नाही. तुझा मित्र आहे ना?"

धाकटा माझ्याकडे बघायचा आणि खाली बघायचा. माझ्या धाकाने बघतो म्हणावं तर मला सगळेच घाबरतात, त्यात नवल नाही. पण बिअरीचं नाव त्याने माझ्यासमोर बिनधास्त घेतलं होतं. म्हणजे बिअरीहून मोठं काहीतरी होतं, आणि ते घरातलंच होतं. घरात तसं काय आहे याचा मी विचार केला आणि मला उत्तर सापडलं.

"पितरांची बाटली फोडलीत का रं?"

त्याने जमिनीवर बसकण मारली.

डॉक्टरीणबाईंना समजावून सांगावं लागलं. आमच्यात पितृपक्षात आणि हळदीआधी पितरांना दारूचा मान देतात. माझ्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली, त्याच्या नावाने एक बाटली देवघराशेजारी ठेवलेली असते. ती हातभट्टीचीच लागते, कारण तो माणूस जिवंतपणी दुसऱ्या कशाला तोंड लावत नसे. विकतची दारू म्हणजे औषध, असं तो म्हणायचा. तो दारूने मेला नाही, चांगला म्हातारा होऊन मेला. त्याच्या दारूने जे काही मरायचं होतं ते माझं मेलं. तर मान दिल्याशिवाय हळद लावत नाहीत, आणि मान दिल्याशिवाय त्या बाटलीला कोणी हात लावत नाही.

"बिअर संपली," धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला. "वाईन शॉप फाट्याला. बाटली जवळ होती."

"मंग सकाळी मान दिला तो कसला दिला?"

"आम्ही आदल्या रात्रीच अर्धी काढली आनि तेवढं पानी भरून ठेवलं. उरलेली आज प्यायलो."

म्हणजे माझ्या नवऱ्याने त्या सकाळी आयुष्यात नसेल इतकं पाणी प्यायलं. मी एवढंच म्हटलं, "त्याला सोसलं नसेल."

पण हातभट्टी हा शब्द ऐकल्यावर डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला होता. त्यांनी मला बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगितलं. हातभट्टीत कधी कधी भलतंच स्पिरिट मिसळलेलं असतं. ते आधी डोळे घेतं आणि मग माणूस घेतं. लगेच दिसत नाही, दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. तसं असेल तर इथे भागणार नाही, ठाण्याला हलवावं लागेल, आणि या अवस्थेत याला त्या ट्रॅफिकमधून नेणं हाच मोठा धोका आहे. तसं नसेल तर इथेच ठेवून सांभाळता येईल. "म्हणून बाटलीत काय होतं ते मला नक्की कळायला हवं. आणि ती आणखी कोणी प्यायली?"

"आम्ही दोघं, थोडी," धाकटा म्हणाला. "आनि दादा, झाकनभर."

"दादा कुठे आहे?"

"हळदीला बसलाय. त्याचीच हळद हाय."

"बोलवा."

मी धाकट्याला त्याच्या बापाला फोन लावायला सांगितला आणि फोन हातात घेतला. "नवरदेवाला घेऊन दवाखान्यात ये."

"आई, येडी झालीस का? पाहुने आलेत!"

"पाहुन्यांना मटन वाढ. आधी सांग, तुझ्या बापाची बाटली कुठून आनलेलीस?"

तो आधी कोणाला तरी ओरडून मटण वाढायला सांगत बसला. मग म्हणाला, "नेहमीच्या ठिकानाहून. हातभट्टीचीच."

तोच भैया परत जाऊन दोघांना घेऊन आला. थोरला उघड्या अंगाने, खांद्यावर टॉवेल, मुंडावळ्या तशाच. तो आत शिरला तर बाकावरची पेशंट माणसं उठून उभी राहिली. हाताला प्लास्टर घातलेल्या एका बाईने दुसऱ्या हाताने त्याची दृष्ट काढली. त्याच वेळी पोलीस केसही झाली. म्हणजे दवाखान्यातले हवालदार आले, त्यांनी विचारलं, लिहिलं आणि कागद मिटला. ज्या पोलीस केसच्या भीतीने ही पोरं मित्राला मरू द्यायला निघाली होती, ती एवढीच. जाता जाता हवालदारांनी माझ्या मुलाला विचारलं, "डीजेची परवानगी आहे ना?" तेवढ्यापुरती मात्र सगळ्यांची दातखिळी बसली.

डॉक्टरीणबाईंनी तिघांना ओळीत उभं केलं आणि थोरल्यासमोर हात धरला. "किती बोटं?"

थोरल्याने डोळे बारीक केले. "मॅडम, धूसर दिसतंय."

"मलापन!" धाकटा ओरडला.

"मला आजी दोन दिसतायत," तिसरा म्हणाला.

"एकीनं भागतंय," मी म्हटलं.

पण डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. बॅटरी आणली, थोरल्याची पापणी वर केली. माझा मुलगा भिंतीला टेकला. मी थोरल्याकडे नीट बघितलं.

"तुझा चष्मा कुठं हाय रं?"

थोरल्याने नाकाला हात लावला. हळद लागेल म्हणून त्याच्या आईने चष्मा काढून फ्रिजवर ठेवला होता. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी बंद केली आणि आमच्याकडे पाठ करून कपाटात काहीतरी शोधायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. चष्म्याचं निघाल्यावर बाकीच्या दोघांचेही डोळे लगेच सुधारले.

स्ट्रेचरवरच्याचे डोळे मात्र उघडतच नव्हते, आणि त्याला बोटं मोजायला कोण सांगणार? डॉक्टरीणबाई परत वळल्या तेव्हा त्या हसत नव्हत्या. त्यांनी ठाण्याला फोन लावायला घेतला. अॅम्ब्युलन्सला सांगा म्हणाल्या. तेव्हा माझा मुलगा पुढे आला.

"मॅडम, जरा बोलायचंय." मग माझ्याकडे वळला. "आई, तू बाहेर बस ना."

"का?"

"बस ना जरा."

"मी हितंच बरी हाय."

त्याने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, स्ट्रेचरकडे बघितलं. पन्नाशीचा बाप्या, मिशा पांढऱ्या झालेला, पण चौथीतल्या पोरासारखा तोंडातल्या तोंडात म्हणाला, "ती हातभट्टीची नव्हती."

"काय?"

"भट्ट्या बंद झाल्या मॅडम, कवाच्या. मी दुकानातून देशी आनतो आनि बाबांच्या जुन्या बाटलीत वततो. दरवर्षी. आईला न्हाय माहीत."

"नक्की? या पोराच्या जिवाचा प्रश्न आहे."

"शिक्क्याची हाय. रिकाम्या बाटल्या गोदामात पत्र्यामागं लपवल्यात." त्याने तिथल्या तिथे कोणाला तरी फोन करून बाटल्यांचे फोटो मागवले. डॉक्टरीणबाईंनी लेबलं मोठी करकरून वाचली, बाटल्या कधी आणल्या, किती आणल्या ते उलटसुलट विचारलं, आणि ठाण्याचा फोन ठेवून दिला. रक्त तपासायला पाठवणारच, डोळे बघत राहणारच, म्हणाल्या, पण हलवत नाही. इथेच ठेवू.

मी मुलाकडे बघत होते.

"म्हंजे इतकी वर्षं तू बापाला देशी पाजलीस?"

"त्याला कुठं कळतंय, आई."

"त्याला पहिल्या घोटाला कळलं असंल. सांगता येत न्हाय म्हनून गप हाय."

मुलगा माझ्या भीतीने गप्प, नातू त्याच्या बापाच्या भीतीने गप्प, आणि पोरगा दोघांच्या मधे गार पडत चाललेला. आमच्या घरात वडीलधाऱ्यांचा मान फार.

मग पोराची आई आली. नारपोलीहून चालत आली असावी, धापा टाकत होती. बाप लूमवर रात्रपाळीला होता, त्यालाही निरोप गेला होता, पण मालक सोडत नव्हता. ती दारात थांबली. पोरगा अर्धा पिवळा, अर्धा पुसलेला, नाकात नळी, आणि मुंडावळ्या कोणी काढायच्याच विसरलं होतं.

"ह्याचं लग्न कधी लावलंत?" ती म्हणाली.

ती आली आणि धाकट्याच्या कानफटात मारली. मग तिसऱ्याच्या. मग माझ्या मुलासमोर येऊन तिचा हात वर गेला आणि तिथेच अडला.

"मार, बाय," मी म्हटलं. "अन् मलाबी मारायचं तर मी रांगेत हाय."

तिने हात खाली घेतला आणि पोराच्या पायाशी बसली. "उठेल ना?" तिने कोणाकडेही न बघता विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर वर येतेय, श्वास आधीपेक्षा बरा आहे, आता वाट बघायची. त्या खोटा दिलासा देणाऱ्यातल्या नव्हत्या. मला ते बरं वाटलं, तिला वाटलं नाही.

मी बाकीच्यांना हळदीला पाठवून दिलं. थोरल्याला सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळ्यांत किंवा पोटात काहीही वाटलं तर वरात सोडून इकडे यायचं. आणि पोरांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी—"

"पुढच्या येळी?" मी मधेच म्हटलं.

"आजी, पुढची वेळ येतेच. तर पुढच्या वेळी कोणी झोपला आणि हलवून उठेना, तर खुर्चीत बांधायचा नाही. कुशीवर ठेवायचा, एकटा सोडायचा नाही, तोंडात काही घालायचं नाही आणि सरळ इकडे आणायचं. लिंबू घरीच ठेवा."

मी तिथेच राहिले. थोरल्याला हळद लावायला अख्खा गाव होता, इथे ही बाई एकटी होती. मधेच ती म्हणाली, "तुमच्याकडची सुकट त्याला आवडते, घरी मला सांगत असतो, तुला तशी जमत नाही." मी म्हटलं, "खोबरं न्हाय घालायचं. कांदा जास्त." मग तिने एकदा, मी एकदा, असं त्याच्या छातीवर हात ठेवून बघत राहिलो.

उजाडायच्या सुमारास तो ओकला. नर्सने पुसलं, डॉक्टरीणबाई आल्या, त्याने डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग नळीकडे, मग आमच्याकडे, आणि पटकन डोळे परत मिटले. तेव्हा मला कळलं, शुद्धीवर आला.

"उघड," आई म्हणाली.

उघडले.

"किती बोटं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तीन."

"स्पष्ट दिसतंय? ही कोण?"

"आई." आवाज बेडकासारखा. "आणि या आजी." मग जरा वेळाने, "आजी, हळद लागली का?"

"त्याला लागली. तुला त्याच्याहून जास्त लागली."

त्याने कपाळाला हात नेला, मुंडावळ्या बोटांना लागल्या, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला पहिल्यांदा त्याची दया आली. आईने उठून पदर खोचला. रात्रभरात तिने डोळ्यांतून पाण्याचा थेंब काढला नव्हता, तो आता काढला आणि पुसूनही टाकला.

"मॅडम, ह्याला घरी कधी नेऊ?"

"दुपारपर्यंत बघू. ठीक राहिला तर न्या."

"तोवर बापही ड्युटीवरून घरी येईल. आधी तो मारेल, मग मी मारेन, मग जेवायला घालते."

पोरगा डॉक्टरीणबाईंकडे बघून म्हणाला, "मॅडम, मला आणखी दोन-तीन दिवस ठेवता येईल का?"

"पलंग कमी आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.